इटलीच्या किनाऱ्यावरची जुनी बंदरगावे : वाचकांचे प्रश्न

इटलीच्या किनाऱ्यावरील लहान ऐतिहासिक गावांच्या प्रवासाविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघांनीही साठी ओलांडली आहे. रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस पूर्वी पाहून झाले आहे. या वेळी दहा दिवस केवळ समुद्रकाठच्या जुन्या गावांत घालवावेत असा विचार आहे. सहल कंपनीने चिंक्वे तेर्रे, आमाल्फी आणि सिसिली असा एकत्रित कार्यक्रम सुचवला आहे. पत्नीच्या गुडघ्यांना फार चढउतार झेपत नाही. हा कार्यक्रम घ्यावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चिंक्वे तेर्रे हा पाच गावांचा समूह वायव्येकडील लिगुरिया प्रांतात आहे, आमाल्फी नेपल्सच्या दक्षिणेला आहे आणि सिसिली त्याहूनही खाली. त्यामुळे दहा दिवसांतला बराचसा वेळ गाड्या, बोटी आणि सामानाची ने-आण यांतच जाईल. शिवाय ही गावे धावत्या भेटीत पाहण्यासारखी नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास बसगाड्या आणि मोठी जहाजे माणसे आणून सोडतात आणि सायंकाळी परत घेऊन जातात. त्यानंतर गावकरी बाहेर पडतात, धक्क्यावर येरझाऱ्या घालतात, कठड्यावर बसून गप्पा मारतात, आणि हे गाव प्रथमतः बंदर आहे, प्रेक्षणीय स्थळ नंतर, हे तेव्हा कळते. जो मुक्काम करत नाही त्याच्या वाट्याला बहुधा गर्दीच येते. म्हणून एकच प्रदेश निवडावा आणि त्यात फार तर दोन ठिकाणी मुक्काम करावा.

आपल्या पत्नीच्या गुडघ्यांचा विचार करता तो प्रदेश पुलिया असावा. इटलीच्या टाचेकडील हा आड्रियाटिक किनारा बराचसा सपाट आहे, आणि बारी या मोठ्या शहरातून जाणारा लोहमार्ग किनाऱ्याला समांतर असल्यामुळे मोटारीवाचून चालते. रोमहून बारीला जलद गाडीने सुमारे चार तास लागतात. बारीच्या उत्तरेला पाऊण तासावर त्रानी आहे, दक्षिणेला अर्ध्या तासावर पोलिन्यानो आ मारे आणि त्यापुढे काही मिनिटांवर मोनोपोली. पहिला मुक्काम त्रानीला करावा. पोलिन्यानोची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, त्रानीची फारशी दिसत नाहीत. तरीही माझी पसंती त्रानीलाच आहे.

त्रानीचे कॅथेड्रल अक्षरशः पाण्याच्या काठावर उभे आहे. संत निकोलस यात्रेकरू या नावाने ओळखला जाणारा ग्रीक तरुण 1094 मध्ये येथे वारला, त्याला संतपद मिळाले आणि 1099 मध्ये त्याच्या नावाने या वास्तूचे काम सुरू झाले. ते जुन्या चर्चवरच उभारल्यामुळे येथे एकाखाली एक अशी मंदिरे आहेत : वर उंच, जवळजवळ निरलंकार असे मुख्य चर्च, त्याखाली जुने चर्च आणि खांबांनी भरलेले तळघर, आणि सर्वांत खाली संत लेउचियोचे भूमिगत स्थान. घंटाघराच्या तळाशी मोठी कमान असून तिच्यातून आरपार समुद्र दिसतो. बारिसानो या स्थानिक कारागिराने बाराव्या शतकात घडवलेली ब्राँझची दारे आता सुरक्षिततेसाठी आत ठेवलेली आहेत; त्याच कारागिराची दारे आमाल्फीजवळील रावेल्लो येथे आणि सिसिलीतील मोनरेआले येथेही आहेत, यावरून त्या काळी या बंदराची कीर्ती कुठवर पोहोचली होती याची कल्पना येते. वरच्या चर्चमध्ये जाण्यासाठी दर्शनी बाजूला दुहेरी जिना आहे, तेवढा मात्र सावकाश चढावा लागेल.

कॅथेड्रलच्या शेजारीच सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात बांधलेला किल्ला आहे, जो विसाव्या शतकातही बराच काळ तुरुंग म्हणून वापरात होता. बंदरामागच्या गल्ल्यांत मध्ययुगात ज्यूंची मोठी वस्ती होती आणि त्यांची चार सिनेगॉग होती. पुढे त्यांची चर्चमध्ये रूपांतरे झाली. त्यांपैकी स्कोलानोवा हे अलीकडच्या काळात पुन्हा ज्यू प्रार्थनेसाठी खुले झाले. ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून सहज चालण्याच्या अंतरावर आहेत. फक्त एक सावधगिरी : या भागातील गल्ल्यांची फरसबंदी गुळगुळीत चुनखडीची असल्यामुळे पावसात पाय घसरतो, तेव्हा रबरी तळव्यांचेच बूट न्यावेत.

दुसरा मुक्काम ओत्रांतोला करावा. तेथे जाण्यासाठी लेच्चेपर्यंत मोठी गाडी आणि पुढे स्थानिक रेल्वे किंवा बस घ्यावी लागते. रविवारी या मार्गावरील सेवा फारच तुटपुंजी असते, म्हणून प्रवासाचा दिवस रविवार नसावा. तेथील कॅथेड्रलची संपूर्ण जमीन 1163 ते 1165 या काळात पान्तालेओने नावाच्या भिक्षूच्या देखरेखीखाली रंगीत खड्यांच्या मोझेइकने मढवली गेली. मध्यभागी एक प्रचंड वृक्ष असून त्याचे खोड दोन हत्तींवर उभे आहे. फांद्यांमधून नोहाची नौका, बॅबेलचा मनोरा, बारा महिन्यांची कामे, आकाशात उडू पाहणारा सिकंदर आणि चक्क राजा आर्थर अशी सरमिसळ आढळते. आपल्याला ठाऊक असलेले सगळे जग एकाच जमिनीवर मांडण्याची ही हौस पाहण्यासाठी किमान एक तास राखून ठेवावा. त्याच चर्चमध्ये उजव्या बाजूच्या उपमंदिरात काचेच्या कपाटांत मानवी कवट्या मांडलेल्या आहेत. 1480 मध्ये ओटोमन सैन्याने हे शहर जिंकले, तेव्हा ठार मारल्या गेलेल्या सुमारे 800 नागरिकांचे ते अवशेष मानले जातात. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. हे दृश्य काहींना जड जाते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पोलिन्यानो आणि मोनोपोली या दोहोंसाठी मिळून एक दिवस पुरे. पोलिन्यानोत कड्यांच्या कपारीतला छोटा किनारा पाहावा आणि मोनोपोलीच्या जुन्या बंदरात दुपारी निवांत बसावे.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे किंवा दिवाळी याच सुट्ट्या मिळतात. कोणती योग्य? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मे. त्यातही दुसरा पंधरवडा उत्तम, कारण 25 एप्रिल आणि 1 मे या तेथील सार्वजनिक सुट्ट्यांची गर्दी तोवर ओसरलेली असते आणि 2 जूनच्या प्रजासत्ताक दिनाची अजून सुरू झालेली नसते. दिवाळीच्या सुमारास किनाऱ्यावरील बोटींच्या फेऱ्या कमी होतात किंवा थांबतात, आणि लिगुरियात तर तो अतिवृष्टीचा काळ असतो. ऑगस्ट महिना मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावा. 15 ऑगस्टच्या आसपास अवघी इटली समुद्रावर असते.

प्रश्न : आम्ही ठाण्याचे सहा जण. नेपल्सला मोटार भाड्याने घेऊन आमाल्फी किनारा स्वतः गाडी चालवत पाहण्याची मुलाची इच्छा आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुलाचा उत्साह समजण्यासारखा असला तरी त्याला परावृत्त करावे. हा रस्ता कड्यात कोरलेला, अरुंद आणि सतत वळणारा आहे. समोरून बस आली की एकाला मागे सरकावे लागते. गर्दीच्या हंगामात ठरावीक दिवशी वाहन क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार सम-विषम पद्धत लागू असते. वाहनतळ थोडे आणि महाग आहेत. जुन्या गावांच्या मध्यभागी केवळ परवानाधारक वाहनांनाच प्रवेश असतो आणि कॅमेरे क्रमांक टिपतात. दंडाची नोटीस काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत आणि तिच्या शुल्कासह घरी येते. शिवाय भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असणे आवश्यक आहे.

त्याऐवजी नेपल्सहून रेल्वेने सालेर्नोला जावे आणि तेथून बोट घ्यावी. सालेर्नोहून आमाल्फीला बोटीने साधारण पाऊण तासाच्या आत पोहोचता येते, आणि हे गाव समुद्राकडूनच पाहायला हवे, कारण ते समुद्राकडे तोंड करूनच वाढले. व्हेनिस, जिनोवा आणि पिसा यांच्याबरोबर ज्या सागरी गणराज्यांची नावे घेतली जातात त्यांपैकी आमाल्फी हे एक. इजिप्त आणि कॉन्स्टँटिनोपलशी येथून व्यापार चाले. कॅथेड्रलचे अकराव्या शतकातील ब्राँझचे दारही कॉन्स्टँटिनोपलमध्येच ओतलेले आहे. एवढ्या मोठ्या सत्तेचे गाव इतके लहान कसे, असा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर पडतोच. त्याचे उत्तर काही अंशी असे की, बाराव्या शतकात पिसाच्या आरमाराने ते लुटले आणि 1343 च्या भीषण सागरी वादळात बंदर व खालच्या वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. उरले ते गावाच्या मागच्या ओढ्याकाठचे उद्योग. त्यांपैकी हातकागदाची एक जुनी गिरणी आता संग्रहालय म्हणून पाहता येते आणि मुलांना ती कॅथेड्रलपेक्षा अधिक आवडते. शेजारचे आत्रानी हे क्षेत्रफळाने इटलीतील सर्वांत लहान नगरपालिका असलेले गाव आमाल्फीहून पायी दहा मिनिटांवर आहे. मुक्काम करायचाच असेल तर तेथे किंवा सालेर्नोमध्ये करावा, दोन्ही ठिकाणी खर्च तुलनेने कमी येतो.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये शिकतो. स्वस्तात चिंक्वे तेर्रेची चार दिवसांची भेट कशी आखावी? गर्दीबद्दल फार वाईट ऐकले आहे. (एक विद्यार्थी, मूळ कोल्हापूर)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे ही पाचही गावे इतकी लहान आहेत की दुपारी फलाटावर उभे राहायलाही जागा नसते. म्हणून राहण्यासाठी पश्चिमेचे लेवांतो किंवा पूर्वेचे ला स्पेत्सिया निवडावे, सकाळी लवकर पहिल्या गाड्यांपैकी एक पकडावी आणि दहापर्यंत गाव पाहून पायवाटेला लागावे. स्थानिक गाड्यांचे छापील तिकीट फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घेतल्याशिवाय वैध नसते, याचा विसर पडलेल्यांना दंड होतो. कोर्निल्या हे एकच गाव समुद्रापासून उंच कड्यावर आहे. स्थानकापासून वर 382 पायऱ्या आहेत, मात्र लहान बसही मिळते. रियोमाज्जोरे ते मानारोला ही ‘प्रेमवाट’ 2012 मध्ये दरड कोसळल्याने बंद झाली होती, ती 2024 मध्ये स्वतंत्र तिकीट लावून पुन्हा उघडली. माझ्या मते तिच्यापेक्षा मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही दमवणारी वाट अधिक मोलाची आहे.

ती वाट ज्यांच्यामधून जाते ते दगडी बांध नीट पाहावेत. चुना-माती न वापरता एकावर एक दगड रचून केलेल्या या पायऱ्यांवर शतकानुशतके द्राक्षमळे उभे राहिले, आणि 1997 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जी मान्यता दिली ती केवळ रंगीत घरांना नव्हे, तर या माणसाने घडवलेल्या डोंगराला. तरुण शहरात गेले, मळे पडीक झाले, बांध ढासळू लागले. 25 ऑक्टोबर 2011 रोजी झालेल्या ढगफुटीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांत चिखल आणि दगड घुसले, माणसेही दगावली. पडीक मळ्यांनी त्या आपत्तीची तीव्रता वाढवली असे मानले जाते. पर्यटनाने गावांत पैसा आला, पण बांध रचणारे हात आले नाहीत, ही तेथील खरी अडचण आहे.

चारांपैकी दोनच दिवस या पाच गावांना द्यावेत. तिसऱ्या दिवशी ला स्पेत्सियाहून बसने पोर्तोवेनेरेला जावे. तेथे खडकाच्या टोकावर काळ्या-पांढऱ्या दगडी पट्ट्यांचे संत पेत्राचे चर्च आहे. ही जिनोवाची पुढची चौकी होती आणि आखाताच्या पलीकडचे लेरिची काही काळ पिसाच्या ताब्यात होते. दोन प्रतिस्पर्धी सत्ता एकमेकींवर कशी नजर ठेवत असतील ते तेथे उभे राहिले की वेगळे सांगावे लागत नाही. चौथा दिवस कामोल्यीला द्यावा. एकोणिसाव्या शतकात शिडाच्या व्यापारी जहाजांचा प्रचंड ताफा या चिमुकल्या गावाच्या मालकीचा होता आणि वाफेची जहाजे आल्यावर तो लयाला गेला. धक्क्यावरील उंच घरांच्या भिंतींवर रंगवलेल्या खोट्या खिडक्या पाहून झाल्यावर बोटीने सान फ्रुत्तुओसोच्या मठात जावे. तेथवर रस्ता नाही, बोट किंवा पायवाट एवढेच पर्याय आहेत.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मासेमारीच्या गावांत उपासमार होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मुळीच नाही, मात्र विचारून घ्यावे लागेल. लिगुरियात चण्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली फारिनाता मिळते, जी आपल्या बेसनाच्या पोळ्याची जाड बहीण म्हणता येईल. फोकाच्चा हा चपटा पाव तर सकाळपासून प्रत्येक बेकरीत असतो. पुलियात सुक्या पांढऱ्या वालासारख्या बाकल्याच्या शेंगांतील दाण्यांचे मऊ वरण आणि सोबत कडसर चिकोरीची भाजी हे जुने शेतकरी जेवण आहे, त्यात लोणी-चीजही नसते. धोका लपलेल्या माशाचा आहे : ओरेक्किएत्ते या पास्त्यासोबतच्या पालेभाजीत बहुधा अँचोव्ही हा छोटा खारवलेला मासा विरघळवलेला असतो, आणि आमाल्फीजवळील चेतारा गावाचा तर अँचोव्हीचा अर्क प्रसिद्ध आहे. म्हणून ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा अच्चुगे’, म्हणजे मांस, मासा आणि अँचोव्ही यांच्याशिवाय, असे तिन्ही शब्द उच्चारावेत. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्याने अँचोव्ही वगळला जाईलच असे नाही. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट हा दूध गोठवणारा घटक वापरून करतात आणि पेस्तो या तुळशीसारख्या पानांच्या चटणीत ते सहसा असते. हे ज्यांना चालत नाही त्यांनी पेस्तो टाळावा.

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. ते घरी परतले, पण त्यांचे अनेक सोबती परतले नाहीत. किनाऱ्यावरची गावे पाहताना त्या स्थळांना भेट देता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अवश्य देता येईल, आणि त्यासाठी किनारा सोडून फार आत जावेही लागणार नाही. आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये दक्षिणेकडील तारांतो बंदरात उतरली आणि आड्रियाटिक किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत नोव्हेंबरात आब्रुत्सो प्रांतातील सांग्रो नदीवर पोहोचली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन या डिव्हिजनमध्ये होती. पावसाने फुगलेली नदी, चिखल आणि पलीकडच्या टेकड्यांवर जर्मनांची पक्की फळी, अशा स्थितीत तेथील लढाई झाली.

तोरिनो दि सांग्रो या गावाजवळ, समुद्राकडे पाहणाऱ्या उतारावर, सांग्रो नदी युद्ध समाधिभूमी आहे. राष्ट्रकुलातील 2,617 सैनिक तेथे चिरविश्रांती घेत आहेत. ज्या भारतीय सैनिकांवर त्यांच्या धर्मानुसार अग्निसंस्कार झाले, अशा 500 हून अधिक जणांची नावे तेथील वेगळ्या स्मारकावर कोरलेली आहेत. आजोबांच्या सोबत्यांची नावे ठाऊक असतील तर राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर निघण्यापूर्वी शोध घ्यावा. इंग्रजी कागदपत्रांत मराठी नावांची अक्षरे अनेकदा वेगळी लिहिलेली असतात, म्हणून नावापेक्षा सैनिक क्रमांक आणि बटालियन यांवरून शोधणे अधिक खात्रीचे ठरते.

मुक्कामासाठी वास्तो योग्य आहे. हे टेकडीवरचे जुने गाव असून 1956 च्या भूस्खलनात त्याचा एक कडा कोसळला. संत पेत्राच्या चर्चचा केवळ दर्शनी भाग तेव्हापासून मागे काही नसताना उभा आहे. वास्तोहून टॅक्सी ठरवून समाधिभूमीला जाऊन येता येते. वास्तो ते ओर्तोना या दरम्यान जुना लोहमार्ग आत हलवल्यावर रिकाम्या झालेल्या पट्ट्यावर सायकलवाट केलेली आहे, आणि तिच्या कडेने ‘त्राबोक्की’ दिसतात : मासेमारीसाठी पाण्यात खांब रोवून उभारलेले लाकडी मचाण आणि त्यांच्या लांब दांड्यांना टांगलेली मोठी जाळी. त्यांपैकी कित्येकांची आता उपाहारगृहे झाली आहेत. फोस्साचेसियाजवळचा सान जोव्हान्नी इन व्हेनेरे हा मठही वाटेतच आहे.

ओर्तोनालाही जावे. डिसेंबर 1943 मध्ये तेथे कॅनेडियन आणि जर्मन सैनिकांत घराघरांतून लढाई झाली आणि कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले. नंतर पुन्हा बांधलेल्या या कॅथेड्रलमध्ये संत थॉमस यांचे अवशेष आहेत. भारतात ख्रिस्ती धर्म घेऊन आले आणि मद्रासजवळ मयलापूर येथे मारले गेले अशी ज्यांची परंपरा सांगितली जाते, तेच हे संत. 1258 मध्ये ओर्तोनाच्या दर्यावर्दींनी ग्रीसच्या किओस बेटावरून हे अवशेष येथे आणले.

व्हिक्टोरिया क्रॉसचे दोन मराठा मानकरी, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव, यांची रणक्षेत्रे मात्र या किनाऱ्यावर नाहीत. रायगड जिल्ह्यातील घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी वरच्या टायबर खोऱ्यात वीरमरण आले आणि त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीवर पराक्रम केला. टायबर खोऱ्यातील मोंतोने येथे अलीकडे घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारण्यात आले आहे. ते पाहायचे असल्यास पेरुजामार्गे आणखी दोन दिवस धरावेत.

प्रश्न : व्हिसा आणि किरकोळ खर्चाबाबत कोणती काळजी घ्यावी? (अनेक वाचक)

उत्तर : शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ लवकर संपते. ज्या देशात अधिक दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करावा. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे. हॉटेलच्या भाड्याव्यतिरिक्त प्रतिव्यक्ती प्रतिरात्र नगरपालिकेचा कर बहुधा मुक्कामाच्या ठिकाणीच द्यावा लागतो. उपाहारगृहाच्या बिलात ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचे शुल्क, म्हणून माणशी एक-दोन युरो असतात, ती फसवणूक नव्हे. समुद्रकिनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्यांच्या रांगा दिसल्या तर तो भाग पैसे देऊन वापरण्याचा असतो. मोफत भागाला ‘स्पियाज्जा लिबेरा’ म्हणतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि लहान गावांतील चर्च दुपारी एक ते चार बहुधा बंद असतात, म्हणून तो वेळ जेवणासाठी ठेवावा.